डेपेश मोड आणि त्यांचा सतत बदलणारा साऊंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कोण आहेत आणि अजून चालू आहेत का?

चालू आहेत. सिंथवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) गाणी करणारा बँड. इंग्लंडमधल्या एसेक्समधलं बॅसिल्डन, तिथली पोरं, १९८० पासून. सुरुवातीला चौघं होते, विन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि गायक डेव्ह गहान. नाव एका फ्रेंच फॅशन मॅगझिनवरून उचललेलं. आजवर १५ स्टुडिओ अल्बम झालेत, पंधरावा, मेमेंटो मोरी, २०२३ चा. मूळ चौघांतले आता दोघंच उरलेत, मार्टिन आणि डेव्ह. बाकीच्यांचं काय झालं ते खाली येईलच, कारण यांचा साऊंड कधी आणि का बदलला हे बघायचं तर कोण कधी आलं, कोण कधी गेलं हे बघावंच लागतं, नुसतं "मॅच्युअर झाले" म्हणून भागत नाही.

एकही अल्बम ऐकलेला नाही. कुठून सुरू करू?

व्हायोलेटर, १९९०. नऊ गाणी आहेत, पाऊण तासात होतो, भरतीचं एकही नाही. तो आवडला तर मागे जाऊन १९८६ चा ब्लॅक सेलिब्रेशन, मग पुढे १९९७ चा अल्ट्रा. पहिल्या अल्बमपासून ओळीने ऐकायला बसू नका प्लीज, बरेच जण तसं करतात आणि "हे काय टिंगटिंग लावलंय" म्हणून तिथंच सोडून देतात. हिट्सवाली कलेक्शन्स पण आत्ताच नकोत, त्यात १९८१ चं गाणं आणि १९९३ चं गाणं शेजारी शेजारी आलं की डोक्याचा भुगा होतो.

पहिला अल्बम ऐकला, हा वेगळाच बँड वाटतो. असं का?

कारण जवळजवळ वेगळाच आहे. स्पीक अँड स्पेल (१९८१) मधली दोन सोडून सगळी गाणी विन्स क्लार्कची. साध्या, पटकन डोक्यात बसणाऱ्या चाली, आणि तेव्हाचे त्यांचे बहुतेक सिंथ एका वेळी एकच सूर वाजवणारे, त्यामुळे प्रत्येक लाइन सुटी सुटी आणि स्वच्छ ऐकू येते. प्रोड्युसर डॅनियल मिलर, म्यूट रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचा मालक, त्याने पोरांशी लेखी करार पण केला नव्हता, नुसती तोंडी बोली आणि हस्तांदोलन, आणि त्यावर पुढे वर्षानुवर्षं गाडी चालली. 'न्यू लाइफ' ब्रिटिश चार्टवर ११ नंबरला गेलं, 'जस्ट कान्ट गेट इनफ' ८ ला, पोरं टीव्हीवर झळकली, आणि वर्ष संपायच्या आत विन्सने रामराम ठोकला. नंतर त्याने ॲलिसन मॉयेटबरोबर याझू काढला, मग अँडी बेलबरोबर इरेजर. त्यामुळे डेपेश मोड आयुष्यभर असाच गोड पॉप करत बसले असते तर काय झालं असतं, हे ज्यांना बघायचंय त्यांनी सरळ इरेजर ऐकावा (चांगला आहे, टोमणा नाही हा).

मग मुख्य गाणी लिहिणाराच गेल्यावर बँड बुडाला कसा नाही?

बुडेल असंच बऱ्याच लोकांना वाटलं होतं. पण मार्टिन गोरकडे स्वतःची गाणी होती आणि १९८२ च्या सुरुवातीला आलेलं त्याचं 'सी यू' थेट ६ नंबरला गेलं, म्हणजे विन्सच्या कुठल्याही सिंगलपेक्षा वर. त्यानंतरचा अ ब्रोकन फ्रेम हा अल्बम मात्र मला अर्धाकच्चाच वाटतो. काही गाणी विन्सची नक्कल करतायत आणि काही गाण्यांमध्ये मार्टिन दबकत दबकत अंधारात पाऊल टाकतोय. 'लीव्ह इन सायलेन्स' ऐका, पुढे जे काही होणार आहे त्याची पहिली चाहूल तिथं आहे.

याच काळात मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत साप्ताहिकातल्या जाहिरातीवरून ॲलन वाइल्डर आला. जाहिरातीत वय २१ च्या आत पाहिजे म्हटलं होतं, हा २२ चा, थाप मारून घुसला. पण अल्बममध्ये त्याला घेतला नाही, फक्त स्टेजवर, कारण तिघांना दाखवून द्यायचं होतं की आम्हाला कोणाची गरज नाही. गरज होती, हे पुढच्याच वर्षी कळलं.

ते लोखंड बडवल्यासारखे, पाइप आपटल्यासारखे आवाज कुठून आले?

सॅम्पलरमधून (कुठलाही रेकॉर्ड केलेला आवाज कीबोर्डवर वाजवू देणारं यंत्र), पण रेडीमेड नाही. १९८३ च्या कन्स्ट्रक्शन टाइम अगेनपासून ही भानगड सुरू झाली. लंडनच्या शोरडिचमध्ये द गार्डन नावाचा स्टुडिओ होता, गायक जॉन फॉक्सचा, तिथं रेकॉर्डिंग चालू असताना ही मंडळी टेप रेकॉर्डर घेऊन आजूबाजूच्या पडक्या जागा आणि बांधकामांवर जायची आणि पत्रा, पाइप, जे हाताला लागेल ते बडवून रेकॉर्ड करायची. मग ते सिंक्लाव्हियर नावाच्या अतोनात महागड्या यंत्रात घालून कीबोर्डवर वाजवायचं. 'पाइपलाइन' हे गाणं तर पूर्ण असल्या गोळा केलेल्या आवाजांचंच आहे. मिक्सिंगला बर्लिनला गेले, हान्सा स्टुडिओत, बर्लिनच्या भिंतीच्या अगदी कडेला.

आता जर्मनीत लोखंड वाजवणारे त्यांच्या आधी पण होते, आणि त्यांचं ऐकून मार्टिनला हे सुचलं हे काही लपलेलं नाही. फरक एवढाच की ते लोक गोंगाट करत होते आणि यांनी त्याच गोंगाटावर गुणगुणता येईल अशी चाल बसवली. १९८४ चं 'पीपल आर पीपल' घ्या, आवाज सगळा कारखान्याचा आणि कोरस शाळकरी पोराला पण पाठ होईल असा. ब्रिटनमध्ये ४ नंबर, पश्चिम जर्मनीत थेट १, अमेरिकेत १३. मार्टिनला स्वतःला ते गाणं नंतर फारसं आवडेनासं झालं, शब्द फारच सरळसोट आहेत म्हणून, आणि खरंय ते, पण त्या बीटला तोड नाही.

हे इतके डार्क कधीपासून झाले?

ब्लॅक सेलिब्रेशन, १९८६. डॅनियल मिलरच्या डोक्यात खूळ आलं की हा अल्बम "जगायचा", म्हणजे एकही सुट्टी न घेता सलग काम करायचं जोपर्यंत संपत नाही तोपर्यंत. सगळ्यांची टाळकी फिरली पण अल्बम असा झालाय की एकाच न संपणाऱ्या रात्री रेकॉर्ड केल्यासारखा वाटतो. गाणी एकमेकांत मिसळतात, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) सगळीकडे, आणि हेडफोन लावले की मागं कायतरी घुमत, सरपटत असतं. 'स्ट्रिप्ड'ची सुरुवात ऐका, तो घरघर आवाज म्हणजे मोटरसायकलचं इंजिन स्पीड कमी करून वाजवलंय आणि मध्ये डेव्हच्या पोर्शेचं स्टार्टर आहे.

दिसणं पण इथंच बदललं. याच अल्बमच्या एका गाण्यासाठी, 'अ क्वेश्चन ऑफ टाइम'साठी, डच फोटोग्राफर आंतोन कोर्बाइनने पहिल्यांदा त्यांचा व्हिडिओ केला आणि तिथून पुढे बँड कसा दिसतो हे जवळपास त्याच्याच हातात गेलं. दाणेदार फिल्म, उघडेबोडके माळ, कपडे काळे.

ब्रिटिश प्रेस यांची टर उडवायचं म्हणतात, मग अमेरिकेत स्टेडियम कसं भरलं?

मायदेशात पहिल्या अल्बमची "गोड पोरं" ही ओळख चिकटून बसली ती सुटता सुटेना. अमेरिकेत लोकांना ते माहितीच नव्हतं, तिकडं कॉलेज आणि अल्टरनेटिव्ह रेडिओमधून त्यांनी या लोकांना डायरेक्ट काळ्या कपड्यातच बघितलं. १९८७ च्या अल्बमला म्युझिक फॉर द मासेस नाव दिलं ते चक्क उपरोधाने, कारण लोक म्हणायचे यांची गाणी कमर्शियल नाहीत, आणि झालं असं की १८ जून १९८८ ला पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये ६०,४५३ लोक आले. टूरचा शेवटचा, १०१ वा शो. त्याच्यावर डी. ए. पेनबेकरने १०१ नावाचीच डॉक्युमेंटरी केली. 'नेव्हर लेट मी डाऊन अगेन'ला अख्खं स्टेडियम हात हलवतंय तो सीन त्यातला आहे, आणि अजूनही प्रत्येक शोला लोक त्या गाण्याला तेच करतात. त्याच टूरमध्ये, मार्च १९८८ मध्ये, ते पूर्व बर्लिनमध्ये पण वाजवून आले होते, भिंत उभी असताना.

व्हायोलेटरचं एवढं कौतुक का? नक्की काय बदललं त्यात?

कामाची पद्धत बदलली. मला या पूर्ण बँडच्या इतिहासातली ही सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट वाटते म्हणून जरा लांबण लावतो.

तोपर्यंत काय व्हायचं, मार्टिन घरी डेमो (गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग) करायचा आणि डेमो इतका पूर्ण असायचा की स्टुडिओत फक्त तेच चांगल्या यंत्रांवर परत करायचं उरायचं. व्हायोलेटरच्या वेळी ठरलं की डेमो एकदम उघडाबोडका आणायचा, नुसती गिटार किंवा ऑर्गन आणि आवाज, आणि कपडे स्टुडिओत सगळ्यांनी मिळून चढवायचे. नवीन प्रोड्युसर आणला, फ्लड. त्याची आणि ॲलन वाइल्डरची जोडी जमली. फ्लडला एकेक आवाज पिळून काढायची आवड, ॲलनला अरेंजमेंटचा किडा, आणि अँडीला कळलं की आपण स्टुडिओत मध्येमध्ये न केलेलंच बरं.

'एन्जॉय द सायलेन्स' हे याचं क्लासिक उदाहरण. मार्टिनने आणलं तेव्हा ते हार्मोनियमसारख्या सुरावर म्हटलेलं एकदम संथ, प्रार्थनेसारखं गाणं होतं. ॲलन म्हणाला याला डान्स बीट लावू. मार्टिन वैतागला, "गाण्याचं नाव सायलेन्स आहे आणि तुम्ही त्याला नाचायला लावताय" अशा टाइपचं त्याचं म्हणणं, बराच रुसला पण, शेवटी त्याच्याकडूनच त्यावर ती गिटारची लाइन वाजवून घेतली आणि सगळ्यांना तिथंच कळलं की हे काम झालंय. ब्रिटनमध्ये ६, अमेरिकेत ८, आणि ब्रिट अवॉर्डला बेस्ट सिंगल. संथ व्हर्जनपण आहे, 'हार्मोनियम' नावाने, दोन्ही लागोपाठ ऐका म्हणजे एका माणसाच्या हट्टाने गाणं कुठून कुठं जातं ते दिसेल.

'पर्सनल जीजस' अल्बमच्या आधीच, १९८९ मध्ये आलं आणि त्यात चक्क ब्लूज गिटार! सिंथवाल्या बँडकडून! फॅन्सना तेव्हा धक्काच बसला. त्यातला तो धप-धप ठोका म्हणजे स्टुडिओत दोन-तीन जण फ्लाइट केसेसवर (वाद्यं न्यायच्या मोठ्या पेट्यांवर) उड्या मारतायत. शेवटचं मिक्सिंग बरंचसं फ्रान्स्वा केव्हॉर्कियनने केलं, तो न्यूयॉर्कच्या डान्स क्लबमधला माणूस, म्हणून सगळं इतकं कोरडं आणि जागच्या जागी आहे. ब्लॅक सेलिब्रेशनमध्ये धुकं होतं, इथं एकेक आवाज मोजून घ्यावा असा.

एवढं बदलूनही पहिल्या दहा सेकंदात ओळखू कसे येतात?

डेव्हचा जाडसर खालचा आवाज आणि त्याच्या वर मार्टिनचा पातळ, उंच आवाज, ही हार्मनी कुठंही ठेवा, ओळखू येतेच. दुसरं म्हणजे मार्टिनच्या चाली आणि विषय. पाप, अपराधीपणा, देव, शरीर, कोणाच्या तरी ताब्यात जायची ओढ. हा माणूस १९८४ पासून बहुतेक याच चार-पाच गोष्टींवर लिहितोय. म्हणून आजूबाजूचं सगळं पाडून परत बांधलं तरी बँड तोच राहतो. यातलं एक जरी गेलं तर काय होईल माहीत नाही, सुदैवाने अजून गेलेलं नाही.

सगळं जमलं असताना १९९३ मध्ये रॉक बँड व्हायची काय गरज होती?

व्हायोलेटर पार्ट टू करायचा नाही, एवढं नक्की होतं. डेव्ह लॉस एंजलिसला राहायला गेला होता आणि केस वाढवून, टॅटू काढून, ग्रंज बँड ऐकून आला. फ्लड तेवढ्यात यूटूबरोबर काम करून आला होता, तिथं बँडने एका घरात एकत्र राहून काम केलेलं, म्हणून यांनी पण माद्रिदला बंगला भाड्याने घेतला आणि आत स्टुडिओ थाटला. आयडिया पूर्ण फसली. कोणाचं कोणाशी पटेना, डेव्ह खोलीत पेंटिंग करत बसलेला, शेवटी मुक्काम हलवून हॅम्बर्गला नेला.

आणि एवढं सगळं होऊनही साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे नंबर वन झाला. ॲलन खऱ्या ड्रमसेटवर बसला, वाजवलेलं तुकडे करून लूप केलं, गॉस्पेल गायिका आणल्या, 'वन करेस'ला खरी स्ट्रिंग्ज आणली. तेव्हा लोक म्हणाले यांनी सिंथ सोडले, पण नीट ऐका, माणसांनी वाजवलेलं त्यांनी सॅम्पलरमध्ये घालून यंत्रासारखंच वापरलंय. पद्धत १९८३ चीच, फक्त पाइपच्या जागी ड्रम.

ॲलन वाइल्डर का गेला, आणि त्याच्या जाण्याने किती फरक पडला?

१ जून १९९५ ला गेला. काम मी करतो आणि त्याची कदर होत नाही, आतलं वातावरण पण बिघडलंय, असं त्याचं थोडक्यात म्हणणं. त्याआधीच्या टूरने सगळ्यांची वाट लावली होती, अँडी तर मानसिक त्रासामुळे १९९४ मध्ये टूर अर्धवट सोडून घरी गेला होता आणि डेव्ह हेरॉइनमध्ये अडकलेला. मे १९९६ मध्ये ओव्हरडोसने त्याचं हृदय दोन मिनिटं बंद पडलं होतं, वाचला, आणि त्यानंतर त्याने व्यसन सोडलं.

फरक? जुने फॅन अजून यावर भांडतात. माझ्या मते गाणी तेवढीच चांगली राहिली पण गाणं दर मिनिटाला रंग बदलत जायचं, नवीन काहीतरी आतून उगवायचं, ती मजा कमी झाली. ॲलन पुढे रीकॉइल या आपल्या प्रोजेक्टमध्ये रमला. २०१० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका चॅरिटी शोला येऊन 'समबडी'ला पियानो वाजवून गेला, तेवढंच.

अँडी फ्लेचर नक्की काय करायचा?

हा जोक बँडमध्ये पण चालायचा, १०१ मध्ये त्याने स्वतःच सांगितलंय की बाकीच्यांना कामं आहेत आणि मी असाच फिरतो. गाणी लिहायचा नाही, स्टुडिओत कमी वाजवायचा. पण बराच काळ मॅनेजर नसलेल्या बँडचा हिशेब, व्यवहार त्यानेच बघितला आणि मार्टिन-डेव्हमधला पूल तोच होता. २६ मे २०२२ ला ६० व्या वर्षी गेला.

१९९७ नंतरचे अल्बम ऐकावेत का?

काही. अल्ट्रा (१९९७) नक्कीच, बॉम्ब द बेस या डान्स प्रोजेक्टवाल्या टिम सिमेननने केलाय, बीट हिपहॉपसारखे संथ आणि जड, डेव्हचा आवाज जखमी. एक्सायटर (२००१) एलएफओ या टेक्नो ग्रुपच्या मार्क बेलने केला, मिनिमल, कुजबुजता, बऱ्याच लोकांना कंटाळवाणा वाटतो, मला पावसाळी दुपारी आवडतो. प्लेइंग द एंजल (२००५) मध्ये आवाज परत खरखरीत झाला आणि डेव्हची तीन गाणी पहिल्यांदा अल्बममध्ये आली, सोलो अल्बम केल्यावर त्याने मागणीच केली होती. साऊंड्स ऑफ द युनिव्हर्स (२००९) च्या वेळी मार्टिनला ईबेवरून जुने ॲनालॉग सिंथ गोळा करायचा नाद लागला होता, तो ऐकू येतो, गाणी मात्र 'राँग' सोडल्यास लक्षात राहत नाहीत. डेल्टा मशीन (२०१३) ठीक. स्पिरिट (२०१७) राजकीय, जरा भाषणबाज.

मेमेंटो मोरी अँडीच्या मृत्यूवर आहे का?

तसं वाटतं पण नाही, नाव आणि गाणी बहुतेक आधीच तयार होती, बँड स्टुडिओत जायच्या थोडं आधी अँडी गेला. मार्टिनने यातली चार गाणी सायकेडेलिक फर्स या बँडच्या रिचर्ड बटलरबरोबर लिहिली, म्हणजे एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाबरोबर बसून, आणि त्यातलंच एक 'घोस्ट्स अगेन'. प्रोड्युसर जेम्स फोर्ड, स्पिरिटवालाच, सोबत मार्टा सालोन्यी. परत तोच प्रकार, बसायची जागा बदलली आणि साऊंड हलला. व्हायोलेटरनंतर मी सगळ्यात जास्त वेळा लावलेला अल्बम हाच.

ब्रिटनमध्ये यांचं नंबर वन गाणं कुठलं?

एकही नाही. ४ च्या वर कधी गेलेच नाहीत, आणि ४ ला तीनदा पोचले, 'पीपल आर पीपल', 'बॅरल ऑफ अ गन', 'प्रेशस'.

विन्स आणि मार्टिन परत कधी एकत्र आले का?

आले, २०१२ मध्ये, व्हीसीएमजी नावाने टेक्नो अल्बम केला. एक शब्द गायलेला नाही त्यात.

लाइव्ह ऐकलं की गाणी वेगळीच का वाटतात?

सुरुवातीला स्टेजवर ड्रमर नव्हताच, टेपचं मशीन उघडपणे मागे ठेवलेलं असायचं आणि बीट त्यातून. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून मात्र ख्रिश्चन आइगनर ड्रम वाजवतो आणि पीटर गोर्डिनो कीबोर्ड, त्यामुळे १९८० च्या दशकातली सगळी यंत्रासारखी गाणी पण स्टेडियम रॉक होऊन येतात. यावर फॅन्समध्ये कायम दोन तट. 'पर्सनल जीजस'ला तो ड्रम शोभतो, 'एव्हरीथिंग काउंट्स'ला माझ्या मते नाही, त्या गाण्याचा अर्धा जीव त्या कडक, भावनाशून्य ठोक्यात आहे आणि ड्रमर कितीही चांगला असला तरी तो घाम गाळतोच. ते गाणं ऐकायचं तर १०१ मधलं ऐका, शेवटी संगीत थांबल्यावर पब्लिक एकटंच कोरस म्हणत राहतं ते.